फाइल एक, नोंद एकदाच: छोट्या रुग्णालयाचा कारभार कॉम्प्युटरवर नेताना

ठाण्यात नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत पंधरा ते तीस खाटांची नर्सिंग होम गल्लोगल्ली आहेत. बाळंतपणं, हाडांची ऑपरेशनं, मुलांची आजारपणं, पावसाळ्यातला डेंग्यू-मलेरिया हे सगळं प्रामुख्याने इथेच होतं. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत आयटीचा स्वतंत्र विभाग असतो. इथे मालक डॉक्टर, एक मॅनेजर, रिसेप्शनवरची दोन-तीन माणसं, सिस्टर, आरएमओ (रुग्णालयात ड्यूटीवर असणारा निवासी डॉक्टर), मावशी आणि वॉर्डबॉय एवढ्यांवर गाडा चालतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

अशा रुग्णालयांत सॉफ्टवेअर बसवणं आणि ते चालतं ठेवणं हे माझं काम आहे. बहुतेक ठिकाणी गोष्ट एकाच वाटेने जाते. कंपनीचा माणूस डेमो देतो, सगळ्यांना आवडतो, पैसे भरले जातात. पहिला महिना उत्साहात जातो. सहा महिन्यांनी पाहावं तर त्यातून फक्त बिलं छापली जात असतात आणि बाकी सगळं पुन्हा फाइलमध्ये आलेलं असतं. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "स्टाफला जमत नाही हो." मला हे मान्य नाही. यूपीआयने भाजीचे पैसे देणारी, रेल्वेचं तिकीट मोबाइलवर काढणारी सिस्टर एक फॉर्म भरू शकत नाही, हे खरं असूच शकत नाही. तिला अडवते ती दुहेरी नोंद. जे कागदावर लिहिलं तेच पुन्हा कॉम्प्युटरवर भरायचं, आणि तेही बारा पेशंट सांभाळताना. दोन्हीपैकी एक सुटणार असेल तर कॉम्प्युटरच सुटतो, कारण राऊंडला डॉक्टर कागद मागतात.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावा: या बदलाने कोणाची एक नोंद कमी झाली? कोणाचीच झाली नसेल तर तो बदल टिकणार नाही.

पहिली पायरी: एका फाइलच्या मागे चालत जा

सॉफ्टवेअर बघायच्या आधी एक दिवस काढा. दाखल होणारा एक पेशंट निवडा आणि तो आल्यापासून घरी जाईपर्यंत त्याचं नाव, वय, निदान आणि औषधं कुठे कुठे लिहिली जातात ते वहीत टिपत जा. केसपेपर, इनडोर फॉर्म, संमतीपत्र, टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट, औषधांची चिठ्ठी, लॅबचा फॉर्म, ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर, विम्याचा फॉर्म, बिल, डिस्चार्ज कार्ड. यादी वाढत जाते आणि मालक डॉक्टरही ती पाहून चकित होतात, कारण ही यादी त्यांच्यासमोर कधी एकत्र आलेलीच नसते.

हे करताना सिस्टरशी डॉक्टरांच्या गैरहजेरीत बोला. रात्रपाळीच्या सिस्टरशी वेगळं बोला. दिवसा जे रजिस्टर नियमाने भरलं जातं, ते रात्री दोन वाजता कसं भरलं जातं हे तिलाच माहीत असतं. मावशींनाही विचारा. सँपल लॅबला कोण नेतं आणि रिपोर्ट कोण आणतं, हे त्या अचूक सांगतात.

आता प्रत्येक रजिस्टरपुढे लिहा: हे कायद्याने लागतं की सवयीने चालत आलंय? सोनोग्राफी असेल तर गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालचा फॉर्म एफ सुटत नाही. तो किमान दोन वर्षं जपायचा असतो आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. एमएलसी (अपघात, मारहाण अशा पोलिसांना कळवायच्या केसेस), जन्म-मृत्यूची नोंद, क्षयरुग्णांची निक्षय या सरकारी पोर्टलवरची नोंद ही सगळी कायद्याची किंवा शासनाची कामं आहेत.

यात एक नाजूक नोंद आहे आणि सॉफ्टवेअरवाले तिचा विचार क्वचितच करतात. कायदेशीर गर्भपाताच्या केसमध्ये बाईचं नाव फक्त त्यासाठीच्या गोपनीय प्रवेश-रजिस्टरमध्ये यावं आणि बाकी कागदांवर तिचा उल्लेख त्या रजिस्टरमधल्या क्रमांकानेच व्हावा, असा नियम आहे. आता विचार करा, सॉफ्टवेअरच्या पहिल्याच पडद्यावर आज दाखल झालेल्या सगळ्यांची नावं आणि निदान झळकत असतं. रिसेप्शनवरच्या शेजारच्या सोसायटीतल्या मुलीलाही ते दिसतं. त्या बाईच्या आयुष्यात यातून केवढं काय होऊ शकतं हे सांगायला नको. अशी केस वेगळी आणि झाकून ठेवता येते का, हे विकत घेण्याआधी बघा. येत नसेल तर ते काम कागदावरच राहू द्या.

दुसरी पायरी: घरातला माणूस नेमा

कंपनीचा माणूस बसवून जातो, चालवायचं तुम्हाला असतं. डॉक्टरांचा कॉम्प्युटर शिकलेला पुतण्या या कामाला चालत नाही, कारण तो वॉर्डात नसतो. एखादी जुनी सिस्टर किंवा बिलिंगवरची अनुभवी व्यक्ती निवडा. तिच्या कामाचे तास कमी करा, पगारात त्याची भर घाला आणि सगळ्यांसमोर सांगा की या बाबतीत शब्द तिचा. पैसे न वाढवता दिलेली जबाबदारी आठवड्याभरात गळून पडते.

दुसरा प्रश्न बाहेरून येणाऱ्या कन्सल्टंटचा. सकाळी वाशी, दुपारी नेरूळ, संध्याकाळी खारघर असं फिरणाऱ्या सर्जनला प्रत्येक ठिकाणी वेगळं सॉफ्टवेअर आणि वेगळा पासवर्ड असतो. तो टाइप करणार नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा धरून आखलेली योजना पहिल्याच राऊंडला मोडते. त्याऐवजी आरएमओने राऊंडमध्येच ऑर्डर भरावी, कन्सल्टंटने ती वाचून तिथल्या तिथे मान्य करावी किंवा छापील प्रतीवर सही करावी. आरएमओला मात्र कानावर पडलेलं औषध मोठ्याने परत वाचून दाखवायची सवय लावा. एकसारख्या ऐकू येणाऱ्या ब्रँडची आपल्याकडे काही कमी नाही.

तिसरी पायरी: विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न किमतीचा नसावा. पहिला प्रश्न हा: "उद्या आम्ही तुम्हाला सोडलं, तर आमच्या पेशंटचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत द्याल?" उत्तर करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. आणि डेमोच्या वेळीच त्यांच्याकडून नमुना पेशंटचा डेटा बाहेर काढून मागा. एका रुग्णालयात मी पाहिलंय, जुन्या कंपनीने डेटा म्हणून फक्त बिलांची यादी हातात ठेवली. वर्षांची निदानं आणि रिपोर्ट आतच अडकले.

दुसरा प्रश्न आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा, म्हणजे आरोग्याच्या नोंदी डिजिटल करून एकमेकांशी जोडण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेचा. २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर सुरू झालं. त्यात पेशंटचा आभा क्रमांक (त्याची चौदा अंकी आरोग्य-ओळख), रुग्णालयांची नोंदवही आणि डॉक्टर-परिचारिकांची नोंदवही असे भाग आहेत. सॉफ्टवेअर या मिशनशी कितपत जोडलं गेलंय ते तीन टप्प्यांत मोजतात. एम-१ म्हणजे आभा तयार करता आणि पडताळता येतो. एम-२ म्हणजे तुमच्याकडचे रिपोर्ट पेशंटच्या संमतीने पुढे जाऊ शकतात. एम-३ म्हणजे दुसऱ्या रुग्णालयातले रिपोर्ट, पुन्हा संमतीनेच, तुम्हाला पाहता येतात. "आमचं आभाला जोडलेलं आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, नेमका कोणता टप्पा ते विचारा. पहिल्या टप्प्यावर थांबलेलं सॉफ्टवेअर फक्त क्रमांक काढून देतं, कळव्यात काढलेला रिपोर्ट वाशीत दिसणार नाही.

आभा ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही, रांगेत मागे टाकायचं नाही. आधारशी जोडलेला मोबाइल बऱ्याच आजींकडे नसतो. तो मुलाकडे असतो, मुलगा कामावर असतो आणि ओटीपी तिकडे जातो. रिसेप्शनला स्पष्ट सांगा: आधी उपचार, आभा सवडीने.

तिसरा प्रश्न मराठीचा. डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना पेशंटच्या घरी मराठीत वाचल्या जातात. सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे असं सगळेच सांगतात, पण छापून बघा. "श्वास", "हृदय", "ऱ्हास", "रात्री जेवणानंतर अर्धी गोळी" एवढं टाइप करून प्रिंट काढा. जोडाक्षरं फुटली, चौकोन आले किंवा ऱ्ह मोडला, तर मराठी नीट चालत नाही. अर्धी गोळी दीड वाचली जाऊ नये म्हणून हा आग्रह आहे.

किमतीबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षाचा आकडा पाहून ठरवू नका. वार्षिक देखभाल, एसएमएस, लॅबचं मशीन जोडण्याचा खर्च, नव्या माणसाचं प्रशिक्षण आणि करार संपल्यावर डेटा काढण्याचा खर्च, हे सगळं पाच वर्षांसाठी मांडा आणि मग दोन कंपन्यांची तुलना करा.

चौथी पायरी: वीज, इंटरनेट आणि पाणी

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज एकदम गेली होती. कोविड भरात होता. जनरेटरने ओटी आणि आयसीयू चालतो, पण इंटरनेटचा राऊटर आणि गच्चीवरचा स्विच जनरेटरच्या लाइनवर आहे का? बहुतेक ठिकाणी नसतो. कॉम्प्युटर चालू, नेट बंद, अशी स्थिती होते. एका छोट्या यूपीएसने हा प्रश्न सुटतो.

सर्व्हर स्वतःकडे ठेवायचा की क्लाउडवर? या आकाराच्या रुग्णालयाला मी क्लाउडच सुचवतो. जिन्याखालच्या सर्व्हरची रोजची निगा कोणी राखत नाही, आणि २६ जुलै २००५ च्या महापुरात तळमजल्यावरच्या फाइलींचं काय झालं हे जुन्या डॉक्टरांना माहीत आहे. महापे-ऐरोली पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर आहेत, तिथली यंत्रणा तुमच्या जिन्याखाली उभी करता येणार नाही. दुबळा दुवा आहे तो तुमच्या गल्लीतली केबल. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामात ती कितीदा तुटली हे तिथल्या दवाखान्यांना विचारा. म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या, आणि दोन्ही एकाच खांबावरून येत नाहीत ना ते वर पाहून खात्री करा. तिसरा आधार म्हणून रुग्णालयाच्या नावावर एक मोबाइल सिम.

पाचवी पायरी: माणूस नेमका कोणता

सॉफ्टवेअरमध्ये सर्वात घातक चूक कोणती विचाराल तर एका माणसाच्या दोन नोंदी आणि दोन माणसांची एक नोंद. कागदाच्या काळात रिसेप्शनवरच्या मावशी चेहरा ओळखायच्या. कॉम्प्युटर ओळखत नाही.

नवी मुंबईतल्या गावांत म्हात्रे, पाटील, भोईर ही आडनावं इतकी आहेत की एकाच गावातल्या तीन सुनंदा पाटील एकाच वर्षी तुमच्याकडे येऊ शकतात, आणि त्यातल्या दोघींच्या नवऱ्याचं नावही एकच असू शकतं. मुंब्र्यात शेख हे नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. आधारवर माहेरचं नाव, विम्याच्या कार्डावर सासरचं, आणि मोबाइल नंबर वडिलांचा. त्याच नंबरवर आजी, आई आणि भाऊही नोंदलेले. यातून एकीची ॲलर्जी दुसरीच्या नावावर गेली तर?

म्हणून रिसेप्शनच्या टेबलावर हे नियम चिकटवा. नवी नोंद करण्याआधी मोबाइल नंबरने आणि आडनावाने, दोन्ही तऱ्हांनी शोधा. नाव एका ठरलेल्या ओळखपत्राप्रमाणेच लिहा, घरचं किंवा सासर-माहेरचं दुसरं नाव वेगळ्या रकान्यात. जन्मतारीख माहीत नसेल तर १ जानेवारी टाकून मोकळं होऊ नका, वय अंदाजे आहे अशी खूण करा. नवजात बाळाला आईच्या नोंदीशी जोडून त्याचा स्वतंत्र क्रमांक द्या. जुळं असेल तर पहिलं-दुसरं हे जन्मवेळेसह. ठाणे-बेलापूर रोडवर किंवा पूर्व द्रुतगती महामार्गावर अपघात होऊन आलेला बेशुद्ध माणूस तात्पुरत्या क्रमांकाने दाखल करा आणि ओळख पटल्यावर तोच क्रमांक पक्का करा. आणि दोन नोंदी एकत्र करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवा, तीही दोन खुणा जुळल्याशिवाय करणार नाही.

रिसेप्शनवरच्या मुलीने या कामाला पेशंटमागे अर्धं मिनिट जास्त घेतलं तर तिला टोकू नका. तिचं ते अर्धं मिनिट पुढे वॉर्डात कोणाचा तरी जीव वाचवतं.

सहावी पायरी: एकेक टेबल बंद करत जा

सगळं रुग्णालय एका सोमवारी कॉम्प्युटरवर नेण्याचा हट्ट धरू नका. क्रम असा ठेवा: नोंदणी आणि बिलिंग, मग मेडिकल आणि लॅब, मग डिस्चार्ज कार्ड, मग औषधांच्या ऑर्डरी. प्रत्येक टेबलाला कागद बंद होण्याची तारीख आधी जाहीर करा. त्या तारखेला ते रजिस्टर मालकाने स्वतः कपाटात टाकून कुलूप लावावं. "थोडे दिवस दोन्ही ठेवू" हे थोडे दिवस कधी संपत नाहीत.

मेडिकल लवकर घ्या, कारण फायदा डोळ्यांना दिसतो. वॉर्डातून इन्डेंट (औषधांची मागणी) गेलं की बिलात आपोआप चढतं, मुदत संपत आलेली बॅच कळते, रात्रीची चिठ्ठी हरवत नाही. स्टाफचा विश्वास इथे बसतो.

लॅबमध्ये मशीन थेट जोडून घ्या, आकडे हाताने उतरवायला लावू नका. पण जोडल्यावर एककं तपासा. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा कोणी लाखात लिहितं, कोणी हजारात. १.५ लाख आणि १५० हजार एकच, पण रकान्यात नुसतं १५० दिसलं आणि शेजारी जुन्या रिपोर्टमध्ये १.५, तर रात्री आरएमओचा गोंधळ होणारच. जोडणीनंतर निदान आठवडाभर मशीनच्या पडद्यावरचा आकडा आणि सॉफ्टवेअरमधला आकडा प्रत्येक रिपोर्टला ताडून बघा.

डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांचा राग रिसेप्शनवर निघतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची जबाबदारी विमा कंपनीवर आहे. पण ते तास सुरू होतात तुम्ही कागद पाठवल्यावर. फाइल वॉर्डात, बिल मेडिकलमध्ये आणि डिस्चार्ज कार्ड कन्सल्टंटच्या सहीसाठी अडकलेलं, असं असेल तर विलंब तुमचा आहे. डिस्चार्ज कार्ड दाखल झाल्याच्या दिवसापासूनच थोडं थोडं भरत गेलं, तर घरी सोडायच्या सकाळी फक्त शेवटचा परिच्छेद उरतो. माझ्या मते सॉफ्टवेअरचा पेशंटला होणारा सर्वात मोठा उपकार हाच.

एक अडचण मात्र राहणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं पोर्टल वेगळं, निक्षय वेगळं, जन्म-मृत्यूचं वेगळं. तिथे तीच माहिती पुन्हा भरावी लागते आणि ते तुमच्या हातात नाही. ते काम येईल त्याने न करता एका माणसाला रोजची ठरावीक वेळ देऊन करून घ्या, वॉर्डातल्या सिस्टरवर ढकलू नका.

सातवी पायरी: सिस्टरचं टेबल

इथे घाई केली की सगळं बिघडतं, म्हणून इथे मी सर्वात जास्त वेळ देतो.

रात्री दहा, दोन आणि सहाला टीपीआर घ्यायचा असतो. कॉम्प्युटर नर्सिंग स्टेशनला, पेशंट कॉरिडॉरच्या टोकाला. सिस्टर हातावर किंवा चिठ्ठीवर ताप-नाडी लिहून आणते आणि मग बसून भरते. मध्येच सलाइन संपल्याची घंटा वाजते. चिठ्ठी खिशात राहते. सकाळी सहाला तीन वेळचे आकडे एकदम भरले जातात. कंपनीच्या अहवालात नोंदी शंभर टक्के झालेल्या दिसतात, पण त्यांचा उपचाराला काही उपयोग होत नाही.

माझं स्पष्ट मत आहे: तीस खाटांच्या आतल्या रुग्णालयाने पहिल्या वर्षी टीपीआर आणि इनटेक-आउटपुट चार्ट खाटेशी कागदावरच ठेवावेत आणि डिस्चार्जला स्कॅन करून जोडावेत. कॉम्प्युटरवर फक्त तीन गोष्टी आणाव्यात: औषधांची ऑर्डर, दिलेल्या औषधाची नोंद आणि ॲलर्जी. जीव या तीन गोष्टींवर अडतो. खाटेपाशी टॅब नेता येईल अशी ट्रॉली, चार्जिंगची जागा आणि वॉर्डाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वायफाय, हे झाल्यावरच पुढचं.

पासवर्डचंही असंच. सगळा वॉर्ड एकाच लॉगिनवर चालतो, कारण प्रत्येक वेळी बाहेर पडून आत शिरायला मिनिट जातं. मग औषध कोणी दिलं हे कधीच कळत नाही. सिस्टरला रागावण्यापेक्षा चार अंकी पिनने किंवा बोटाच्या ठशाने दोन सेकंदांत माणूस बदलता येतो का ते कंपनीकडून करून घ्या.

आणि एक भीती असते, जी कोणी उघड बोलत नाही. कॉम्प्युटर वेळ नोंदवतो. नऊचं इंजेक्शन सव्वानऊला दिलं तर ते उद्या आपल्यावर शेकेल, असं सिस्टरला वाटतं, म्हणून ती खोटी वेळ भरते किंवा भरतच नाही. ही भीती मालकाने स्वतः, सगळ्या पाळ्यांसमोर घालवायची असते: खरी वेळ लिहा, उशीर झाला तर कारण लिहा, त्यावरून कोणाला बोललं जाणार नाही. आणि पहिल्याच उशिराला कोणी बोललं, तर पुढे खरी वेळ कधीच मिळणार नाही. सव्वानऊची खरी नोंद नऊच्या खोट्या नोंदीपेक्षा पेशंटसाठी कितीतरी सुरक्षित असते, कारण पुढचा डोस तिच्यावरून ठरतो.

प्रशिक्षण ड्यूटी संपल्यावर थांबवून घेऊ नका. तिला बदलापूरची गाडी पकडायची असते, घरी स्वयंपाक असतो. ड्यूटीच्या वेळेत, बदली माणूस देऊन घ्या. खोट्या पेशंटवर सराव द्या. छोट्या रुग्णालयातून सिस्टर मोठ्या रुग्णालयात जात राहणार, तेव्हा प्रशिक्षण एकदाचं नसतं. एका पानावर, चित्रांसह, तुमच्याच रुग्णालयाच्या पडद्याचे फोटो लावून मराठीत आणि गरज असेल तर हिंदी किंवा मल्याळममध्ये पायऱ्या लिहून ठेवा.

आठवी पायरी: बंद पडेल तेव्हा

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअर हल्ला झाला, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा हल्ला. देशातली सर्वात नावाजलेली संस्था पुढचे सुमारे दोन आठवडे ओपीडी, लॅब, बिलिंग कागदावर चालवत होती. तिथे माणसं होती, जागा होती. तुमच्याकडे काय असेल?

प्रत्येक मजल्यावर एक लाल फाइल ठेवा. तिच्यात कोरे केसपेपर, औषधांचे फॉर्म, लॅबचे फॉर्म आणि महत्त्वाचे फोन. दर सहा तासांनी दाखल पेशंटची यादी, चालू औषधं आणि ॲलर्जी आपोआप छापली जाईल अशी सोय करा आणि जुनी यादी फाडून टाका. तिमाहीत एकदा तासभर कॉम्प्युटर मुद्दाम बंद करून सगळं फाइलवर चालवून बघा, रात्रपाळीतही.

बॅकअपची एक प्रत तरी अशी हवी जी कशालाही जोडलेली नाही, कारण हल्ला जोडलेल्या प्रतींवरही चढतो. आणि बॅकअप आहे म्हणजे तो उघडतोच असं नाही. महिन्यातून एकदा त्यातून एक पेशंट परत उघडून दाखवायला सांगा. हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळल्यापासून ६ तासांत कळवणं एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार बंधनकारक आहे. सर्ट-इनचा फोन क्रमांक आणि इमेल लाल फाइलमध्ये आधीच लिहून ठेवा.

आता व्हॉट्सॲप. रिपोर्ट, एक्स-रे, जखमांचे फोटो सगळं त्यावरून जातं आणि नुसती बंदी घालून ते थांबत नाही. रात्री कन्सल्टंटला ईसीजी दाखवायचा दुसरा वेगवान मार्ग सिस्टरकडे नसतो. तेव्हा निदान रुग्णालयाचा स्वतंत्र फोन द्या, फोटो स्वतःच्या मोबाइलवरून जाणार नाहीत. नाव झाकून पेशंट क्रमांक लिहा. स्टाफच्या गप्पांच्या ग्रुपवर पेशंटचं काहीही टाकायचं नाही. फोनमधले फोटो ठरलेल्या दिवशी नोंदीत जोडून पुसायचे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पण दंड बाजूला ठेवा. आपल्या एचआयव्हीचा रिपोर्ट सोसायटीत फिरला हे कळलेल्या माणसाला कोणता दंड भरपाई देईल?

जुन्या फाइलींचं काय

सगळ्या स्कॅन करायच्या फंदात पडू नका. पैसा जातो आणि त्या कोणी उघडत नाही. जुना पेशंट परत आला की त्याच दिवशी त्याचं शेवटचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट आणि ॲलर्जी एवढंच चढवा. वर्षभरात कामाच्या बहुतेक फाइली आपसूक आत येतात.

दाखल पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं ठेवणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे, आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. म्हणून कपाटांवर वर्ष आणि महिना लिहून, कोणत्या गठ्ठ्यात कोणते इनडोर क्रमांक आहेत याची एक यादी कॉम्प्युटरवर करा. शोधायला तेवढी पुरते. एमएलसी, कोर्टात किंवा ग्राहक आयोगात गेलेल्या केसेस आणि लहान मुलांच्या फाइली वेगळ्या ठेवा. तीन वर्षं झाली म्हणून त्या काढू नका, आधी वकिलाला विचारा. बाकीच्या मुदत संपलेल्या फाइली रद्दीवाल्याला तशाच देऊ नका. त्यातले केसपेपर वडापावच्या गाडीवर पोहोचतात. समोर उभं राहून बारीक कापून घ्या, कोणते क्रमांक कधी नष्ट केले याची तारखेसह नोंद करा आणि त्यावर मालक डॉक्टरांची सही घ्या.